नाताळचे कपडे शिवणारीचं म्हणणं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी २६ डिसेंबरला आपल्या दैनिकात सोलापुरातल्या नाताळचे फोटो येतात. रोषणाई केलेलं चर्च, गव्हाणीचा देखावा, नवे सूट, नवे गाऊन. फोटो सुरेख असतात. त्यातले बरेच कपडे माझ्या मशीनवरून गेलेले असतात, त्यामुळं मला माणसांच्या आधी कपडे ओळखू येतात. यंदा फोटो छापून यायच्या आधीच हे पत्र लिहिते आहे. दिवाळी सरली, चाटी गल्लीतून घेतलेल्या कापडाच्या पिशव्या माझ्या दारात यायला लागल्या, आणि मला जे सांगायचं आहे ते सण उरकल्यावर सांगून काही उपयोग नाही.

मी शिवणकाम करते. लग्न होऊन या शहरात आले तेव्हापासून ख्रिस्ती घरांतले बाप्तिस्म्याचे झगे, दृढीकरणाचे, म्हणजे मोठं झाल्यावर मुलं आपला विश्वास स्वतः कबूल करतात त्या विधीचे, पांढरे फ्रॉक, लग्नाचे गाऊन आणि नाताळचे जोड शिवत आले. माझं पोट यावरच चालतं. तरीही सांगते, आमच्या मंडळ्यांत, म्हणजे एकेका चर्चच्या सभासदांत, माणसाची किंमत त्याच्या अंगावरच्या कापडावरून, दानाच्या आकड्यावरून आणि माईकवरच्या लांबलचक प्रार्थनेवरून ठरायला लागली आहे. ज्यांच्या सेवेवर मंडळी खरोखर उभी आहे, ती माणसं दाराजवळच्या बाकावरून उठून घरी बसायला लागली आहेत.

अशी एक बाई मला माहीत आहे. तिचं नाव लिहीत नाही, तिला ते आवडणार नाही. ती विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. पत्र्याच्या मापावर पान कापायचं, चिमूटभर तंबाखू भरून वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचं. मजुरी हजार विड्यांमागं. छाट, म्हणजे नापास विड्या, निघाली तर तेवढे कष्ट वाया. तिच्या बोटांची पेरं कायमची काळपट पिवळी झाली आहेत, आणि साडी कितीही धुतली तरी तंबाखूचा वास जात नाही. सोलापुरात अशा हजारो बायका आहेत. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर घरकुलात गेलात तर उंबऱ्या-उंबऱ्यावर सूप दिसेल.

आमच्या मंडळीतल्या एक आजी घरात पडल्या, मांडीचं हाड मोडलं. मुलं पुण्याला. दवाखान्यातून घरी आणल्यावर त्या अंथरुणालाच खिळल्या. मी त्यांच्यासाठी पाठीमागून उघडणारा, नाड्यांचा गाऊन शिवून घेऊन गेले, कारण वळवता येत नसलेल्या माणसाला साधा गाऊन डोक्यातून घालता येत नाही. तिथं ही बाई होती. माल कारखान्यात टाकून ती दुपारी यायची. खालचं कापड काढायची, कोमट पाण्यानं पुसायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून उशी लावून कूस बदलायची. आजी दुखण्यानं चिडलेल्या. त्या तिच्यावर ओरडल्या, “हात धुऊन ये आधी, तंबाखूचा वास मारतोय.” ती उठली, न्हाणीत जाऊन साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, परत आली आणि चमच्यानं पेज भरवायला लागली. तोंडावर राग नाही, की “बघा मी किती सोसते” असा भावही नाही. मला म्हणाली, “ताई, गाऊनला खिसा लावा की एक. रुमाल ठेवायला लागतो त्यांना.” ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आजी वारल्या. शवपेटीला आतून पांढरी साटीन आणि झालर लावायचं काम माझ्याकडं आलं. क्रियेच्या वेळी चर्चच्या कमिटीतली माणसं बोलली, नातेवाईक बोलले, सगळ्यांची नावं घेतली गेली. तिचं कुणी घेतलं नाही. कुणी मुद्दाम टाळलं असं नाही. कुणाला ठाऊकच नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यावं असं वाटण्याजोगं तिच्याकडं बघून काही दिसत नव्हतं.

गेल्या नाताळला ती उपासनेला आली नाही. पुढं भेटल्यावर विचारलं तर म्हणाली, “पोरींना काय घालून आणू ताई? त्याच्या आदल्या वर्षी शाळेच्या गणवेशात आणलं होतं. बाकावरच्या बाई सरकून बसल्या. पोरींनी बघितलं ते.”

ज्या सोलापुरात गणवेश शिवून ते बाहेरगावी पाठवले जातात, त्याच सोलापुरात ही गोष्ट घडते. गणवेश कशासाठी असतो? वर्गात श्रीमंत-गरीब कळू नये म्हणून. शाळेला जे उमजलं ते देवाच्या घरात बसलेल्या आपल्याला उमजू नये, याचं मला फार वाईट वाटतं. धुतलेला, इस्त्री केलेला गणवेश घालून लेकरं येशूच्या जन्माच्या सणाला आली होती. गोठ्यात जन्मलेल्याच्या सणाला.

आमच्यात कपड्यांवर उपदेश होत नाही असं नाही. होतो, पण तो बायकांनाच. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय काढायचा आणि केसांच्या वेण्या, सोन्याचे दागिने, उंची वस्त्रं यांवरून पोरीबाळींना ऐकवायचं. गळा किती खोल, बाह्या किती आखूड, हे मोजणारी माणसं माझ्याकडंही निरोप धाडतात, “जरा सांगा तुमच्या गिऱ्हाइकांना.” पेत्रानं लिहिलेलं खरंच आहे. पण बाही मोजणारा माणूसही बाहेरचंच बघत असतो. पेत्र पुढं जे म्हणतो, अंतःकरणातला सौम्य आणि शांत आत्मा देवाच्या दृष्टीनं मोलाचा आहे, ते मोजायला टेप चालत नाही, म्हणून ते वाक्य घाईनं वाचून पुढं जातात.

आणि याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय मी दृढीकरणाच्या वर्गात शिकले, त्यानंतर व्यासपीठावरून क्वचितच ऐकला. सभेत सोन्याची अंगठी घातलेला, झकपक कपड्यातला माणूस आला आणि मळक्या कपड्यातला गरीब आला. पहिल्याला म्हणालात “इथं चांगल्या जागी बसा” आणि दुसऱ्याला म्हणालात “तिकडं उभा राहा, नाहीतर माझ्या पायाशी बस”, तर तुम्ही भेदभाव केलात. इतकं उघड लिहिलंय. हे बायकांच्या वेण्यांसाठी नाही, हे जागा देणाऱ्यांसाठी आहे. पुढच्या बाकांवर कोण बसतं, सत्काराचा हार कुणाच्या गळ्यात पडतो, हंगामाच्या सणाला चर्चला वाहिलेल्या वस्तूंच्या लिलावात कुणाची बोली माईकवरून नावासकट पुकारतात, हे ठरवणाऱ्यांसाठी आहे. त्या लिलावात दोन किलो शेंगा कुणी हजारो रुपयांना उचलतो आणि टाळ्या पडतात. चर्चला पैसा लागतो, वीजबिल कुणाला चुकलेलं नाही, हे मला कळतं. पण येशू दानपेटीसमोर बसून बघत होता तेव्हा त्यानं आकडा पुकारला नाही. गरीब विधवेनं दोन नाणी टाकली, तेव्हा शिष्यांना जवळ बोलावून तिची गोष्ट सांगितली. तिला स्वतःला ते कळलं की नाही, हेही शुभवर्तमानात लिहिलेलं नाही.

चांगले कपडे घालणं पाप आहे, असं माझं म्हणणं नाही. हे लिहिणं भाग आहे, नाहीतर आमच्या इतिहासावर अन्याय होईल. आमच्यातल्या कितीतरी घरांचे पणजोबा गावकुसाबाहेरचे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत आईबाप गमावलेली लेकरं अमेरिकन मराठी मिशनच्या आसऱ्याला आली, शिकली, हातात कसब घेऊन बाहेर पडली. त्यांच्या आधीच्या पिढ्यांना गावात नवं धोतर नेसायची, पायात वहाणा घालायची चोरी होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बायकांना सांगितलं की लुगडं इतरांसारखं नेसा, जात ओळखू येईल असे हातापायातले जड दागिने काढून टाका, स्वच्छ राहा. कपड्यानं माणूस ताठ उभा राहतो, हे ज्यांना कपडाच नाकारला होता त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

माझ्या सासऱ्यांचा एकच कोट होता, काळा. गिरणीत नोकरी. रविवारी तो कोट घालून ते पायी चर्चला जायचे आणि आल्यावर झटकून, कागदात गुंडाळून ट्रंकेत ठेवायचे. कॉलर झिजली तेव्हा मी ती उसवून, उलटी करून पुन्हा लावून दिली. आतली बाजू कोरी होती. त्या कोटावर मंडळीतल्या किती पोरांची लग्नं लागली, सांगता येणार नाही. ज्याच्याकडं कोट नाही त्यानं आदल्या दिवशी येऊन न्यायचा. कुणाला खांद्यात घट्ट, कुणाला सैल. बगलेत मी तात्पुरती शिवण मारून द्यायची आणि परत आला की काढायची. फोटोत नवरदेव वेगवेगळे, कोट तोच. ते गेले तेव्हा त्यांना तो कोट घालून पाठवावा असं ठरत होतं, पण सासूबाईंनीच नको म्हटलं. पुढच्या आठवड्यात एका पोराचं लग्न होतं.

असा कोट असेल तर जरूर घालावा. मी बिनमजुरी शिवून देईन.

आता काय होतं? गेल्या वर्षी एक वडील आले. रात्रपाळीचे वॉचमन. लेकीचं दृढीकरण. मुलीनं मोबाइलवर एक गाऊन दाखवला, खाली घेर, वर मोत्यांचं काम. मी साध्या फ्रॉकचा दर सांगितला, मग त्या गाऊनचा सांगितला. बराच वेळ ते गप्प राहिले, मग म्हणाले, “तोच करा. बाकीच्या पोरींत ही वेगळी दिसायला नको.” बायकोच्या बचत गटातून कर्ज काढलं. गाऊन एकदा अंगावर चढला. बिशपसाहेबांनी डोक्यावर हात ठेवायचा तो क्षण, आणि पोरगी गुडघे टेकताना घेर सावरत होती. त्या मुलीला मी दोष देत नाही, बापाला तर नाहीच. आपण सगळ्यांनी मिळून हे इतकं महाग करून ठेवलंय.

कुणी म्हणेल, देवाच्या दारात उत्तम तेच न्यावं, राजाच्या मेजवानीत लग्नाचा पोशाख नसलेल्याला बाहेर काढलं, असा येशूचा दाखला आहे ना? तो दाखला मलाही येतो. पण त्या मेजवानीची माणसं कुठून आणली होती? रस्त्यावरून, चांगली आणि वाईट, मिळतील तशी. त्यांना बाजारात जायला वेळही नव्हता आणि गाठीला पैसाही नव्हता. म्हणजे तो पोशाख दुकानातला नसणार, हे उघड आहे.

जुन्या करारात शमुवेल इशायाच्या घरी त्याच्या मुलांतून नव्या राजाला अभिषेक करायला गेला तेव्हा थोरल्या अलियाबाची उंची बघूनच त्याला वाटलं, हाच राजा. शमुवेल कुणी साधासुधा माणूस नव्हता, संदेष्टा होता. आणि त्याआधी लोकांनी एकदा पहिला राजा शौल बघितला होता, सगळ्या इस्राएलात खांद्यापासून वर उंच. त्याचं पुढं काय झालं तेही बघितलं होतं. तरी डोळे पुन्हा उंचीवरच गेले. देवाला त्याला थांबवून सांगावं लागलं की माणूस बाहेरचं बघतो, मी हृदय बघतो. मेंढरांमागं असलेल्या धाकट्या दाविदाचं नाव बापानंही शमुवेलानं विचारेपर्यंत काढलं नव्हतं. आणि दावीद दिसायला देखणा होता, असंही तिथंच लिहिलंय. देखणेपण आड येत नाही, निवड त्यावरून होत नाही, इतकंच.

आपल्या जिल्ह्यातल्या वाचकांना हे नवं नाही. मंगळवेढ्याचे चोखोबा ऊस आणि रसाचा अभंग गाऊन गेले आहेत, आणि देवळाच्या आत न घेतलेल्या माणसानं तो गायला आहे. ख्रिस्ती माणसांनीही तो मान खाली घालून ऐकावा असं मला वाटतं.

पुण्याच्या गाडीत बसलं की दौंड मागं टाकल्यावर केडगाव लागतं. तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. मी खिडकीशी असले तर त्या बाजूला बघितल्याशिवाय राहत नाही. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपल्याला द्यायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं असणार हे कळल्यावर, लॅटिनच का, आपलं संस्कृत का नको, असं त्यांनी पत्रातून रोखठोक विचारलं. शाकाहार सोडला नाही. साधी पांढरी सुती साडी सोडली नाही. युरोप-अमेरिका बघून आलेली, मोठमोठ्या सभा गाजवलेली ही बाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात फिरून उपाशी, आजारी, उवा झालेल्या पोरी घेऊन आली. त्यांची डोकी साफ केली, त्यांना अक्षरं शिकवली, त्यांच्याच हातांनी छापखाना चालवला. मूळ भाषांवरून त्यांनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर केडगावातच छापलं गेलं. या बाईला आज आपल्या नाताळच्या कार्यक्रमात पुढच्या रांगेत जागा मिळेल का, हा प्रश्न मी शिवता शिवता स्वतःला विचारते. ओळखलं तर मिळेल. नाही ओळखलं तर?

रेव्हरंड ना. वा. टिळकांनीही १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला तेव्हा त्यात बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्याही ख्रिस्तभक्तांना बोलावलं. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमधलं नावसुद्धा त्यांना गरजेचं वाटलं नव्हतं. आपण तर गाऊनवर आलो आहोत.

येशूच्या कपड्यांचा उल्लेख शुभवर्तमानात फार नाही, पण शिवणारीच्या नजरेला दोन जागा सुटत नाहीत. क्रुसाखाली शिपायांनी त्याचा अंगरखा फाडला नाही, चिठ्ठ्या टाकल्या, कारण तो वरपासून खालपर्यंत एकसंध विणलेला होता, त्याला शिवण नव्हती. म्हणजे कपडा चांगला होता. कुणीतरी मायेनं विणून दिला असेल. दुसरी जागा त्याच्या आदल्या रात्रीची. तो जेवणावरून उठला, वरची वस्त्रं उतरवून ठेवली, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुऊन त्याच रुमालानं पुसले. आपल्या सोलापूरचा टॉवेल जगभर जातो. पाय धुण्याच्या त्या गुरुवारी तो आपल्याही चर्चमध्ये निघतो, पाळकसाहेब निवडक लोकांचे पाय धुतात, त्याचा फोटो निघतो. त्या आजींच्या खोलीत मी जो टॉवेल बघितला तो विरून जाळी झालेला होता, आणि तो रोज धुतला जात होता.

म्हणून माझ्या काही मागण्या आहेत. त्या मी मंडळीत बोलले आहे, आता जाहीर लिहिते, म्हणजे त्यावर चार माणसं बोलतील.

दृढीकरणाच्या सगळ्या मुला-मुलींना एकसारखे साधे पांढरे झगे असावेत, ते चर्चच्या कपाटात राहावेत आणि दरवर्षी तेच वापरावेत. खाली तीन बोटं जादा कापड दुमडून ठेवलं की उंचीप्रमाणं सोडता-घेता येतं, पाठीला नाड्या लावल्या की जाड-बारीक सगळ्यांना बसतं. एका पालकानंही त्या दिवसासाठी कर्ज काढता कामा नये. लिलावाच्या वेळी वस्तू पुकारावी, घेणाऱ्याचं नाव आणि रक्कम पुकारू नये. पावती फाडायला हरकत नाही.

आणि कमिटीची निवडणूक. अध्यक्ष होणाऱ्याबद्दल पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात एक अट आहे, तिच्याकडं आमच्यात काणाडोळा होतो. बाहेरच्या लोकांतही त्याच्याविषयी चांगली साक्ष असावी. उमेदवार सुटात कसा दिसतो आणि प्रार्थना किती वेळ करतो हे आम्ही बघतो. त्याच्या किराणा दुकानदाराला कुणी विचारत नाही. घरातल्या मोलकरणीला पगार वेळेवर मिळतो का, भाडेकरूचं डिपॉझिट परत मिळालं का, म्हाताऱ्या आईशी तो कसा बोलतो, सिग्नलवर रिक्षावाल्याला कोणत्या शब्दांत हाक मारतो, हे विचारलं तर निम्म्या निवडणुका सोप्या होतील. हे विचारायला हिंदू, मुसलमान शेजाऱ्यांकडं जायला लागेल. पौलानं तेच सांगितलंय.

संपादक साहेब, आपल्याकडंही एक मागणं आहे. २६ डिसेंबरचे फोटो जरूर छापा. पण नाताळच्या आठवड्यात आपला एखादा वार्ताहर वॉर्डात रात्रपाळी करणाऱ्या ख्रिस्ती नर्सेसकडं पाठवा, अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत मागावर उभ्या असलेल्या माणसाकडं पाठवा, विड्या वळणाऱ्या बाईच्या उंबऱ्यावर पाठवा. ते लोक फोटोला नाही म्हणतील. मग फोटो नका घेऊ. त्यांच्या शेजाऱ्यांना विचारा आणि ते काय सांगतात ते लिहा.

माझ्यापुरतं मी ठरवलंय ते असं. झग्यांसाठी पांढरं पॉपलीन मी आणते, शिलाई घेणार नाही. यंदाच्या वर्गात किती मुलं आहेत तेवढं पाळकसाहेबांनी डिसेंबर लागायच्या आत कळवावं. आणि त्या बाईच्या दोन्ही पोरींची मापं माझ्या वहीत आहेत, पण त्यांना या नाताळला नवं शिवून देऊन हा प्रश्न मिटवायचा माझा विचार नाही. त्यांच्या आईशी मी बोलले आहे. त्या गणवेशातच येणार आहेत आणि माझ्या शेजारी, पुढून तिसऱ्या बाकावर बसणार आहेत. मंडळीतल्या ज्या घरांत शाळेत जाणारी मुलं आहेत त्या सगळ्यांना माझी विनंती आहे, यंदा आपल्याही मुलांना त्यांच्या शाळेच्या गणवेशात आणा. माझ्याकडं दिलेलं नवं कापड मी जपून ठेवीन, ईस्टरला शिवून देईन.

आपली,
शिवणकाम करणारी एक वाचक,
रेल्वे लाईन्स, सोलापूर